आधी डिश उलटी करा

आपल्याकडचं कुणी इस्टेट सेलला किंवा थ्रिफ्ट स्टोअरला गेलं की मला हमखास व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, "अगं ही बघ ना, जुनी वाटतेय, बारा डॉलरला देतायत, घेऊ का?" आणि फोटो नेहमी समोरून काढलेला, फुलं-पानं-कोंबडा सगळं छान दिसेल असा. माझं उत्तर ठरलेलं असतं, उलटी करून पाठव. कारण जुन्या अमेरिकन पॉटरीत समोरची बाजू गिऱ्हाइकाला भुलवायला असते आणि खरी माहिती सगळी तळाला असते. म्हणजे माती कुठली, भट्टीत कशी ठेवली होती, शिक्का काय म्हणतोय, आणि कितीदा सुऱ्या-चमचे घासले गेलेत ते. म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं, विशेषतः सर्व्हिंग डिशेसबद्दल, म्हणजे मोठे प्लॅटर, झाकणाचे बाऊल, कॅसरोल (गरम पदार्थ वाढायचं झाकणाचं खोल भांडं), ग्रेव्ही बोट वगैरे, कारण यांचं गणित साध्या जेवणाच्या प्लेटांपेक्षा वेगळं आहे.

वेगळं का ते आधी सांगते. आठ जणांचा सेट घेतला की त्यात प्लेटा आठ, कप आठ, पण झाकणाचा भाजीचा बाऊल एकच आणि मोठा प्लॅटरही एकच. त्यातही १९३० ते ५० च्या दशकांत खूप कंपन्यांची भांडी ओपन स्टॉक म्हणून सुटी विकली जायची, म्हणजे लोक आधी रोजच्या प्लेटा घ्यायचे आणि सर्व्हिंगचं सामान जमेल तसं नंतर, आणि बऱ्याच जणांचं ते नंतर कधी आलंच नाही. म्हणजे मुळात बनली कमी. वर ही भांडी सणावारी, थँक्सगिव्हिंगला बाहेर निघणार, जड असणार, गरम अन्नासकट हातोहात फिरणार, आणि झाकण तर सगळ्यात आधी फुटणार. म्हणून एकाच पॅटर्नची प्लेट पाच डॉलरला मिळते आणि त्याच पॅटर्नचं झाकणवालं कॅसरोल शंभराच्या घरात जातं यात नवल काही नाही.

आता तळ. सगळ्यात आधी बघा माती, जिथे ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नाही तिथली, बहुतेक वेळा पायाच्या, म्हणजे डिश टेबलावर टेकते त्या कडेला एक उघडी रिंग असते तिथे. ओक्लाहोमाच्या फ्रँकोमाचं उदाहरण मला फार आवडतं. जॉन फ्रँक नावाच्या शिक्षकाने १९३३ मध्ये ही पॉटरी सुरू केली, १९३८ मध्ये ती सापुल्पा गावी आली, पण माती बरीच वर्षं एडा या गावाजवळून यायची, फिकट, बदामी रंगाची. साधारण १९५४ पासून सापुल्पाचीच लाल माती वापरायला लागले, विटेसारखी. म्हणजे वॅगन व्हील पॅटर्नची दोन भांडी शेजारी ठेवली, दोन्ही त्याच हिरव्या ग्लेझची, वरून जुळी, आणि उलटी केली की एकाचा पाय बदामी, दुसऱ्याचा लाल, लगेच कळलं कोण आधीचं. संग्राहक बदामी मातीला जास्त मोजतात. शिक्क्यावर दोन्हीकडे फ्रँकोमाच लिहिलेलं असतं, तेव्हा नुसतं नाव वाचणाऱ्याला हे कधी कळणारच नाही.

न्यू जर्सीच्या स्टँगलचंही तसंच. त्यांच्या १९४० च्या दशकापासूनच्या भांड्यांत आतली माती लाल, तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर, आणि त्या थरातून हाताने कोरून डिझाइन काढायचं, मग आत ब्रशने रंग भरायचे. त्यामुळे फुलाच्या बाहेरच्या रेषेवर बोट फिरवलं की खाच लागते आणि खाचेत खालचा तपकिरी-लालसर रंग दिसतो. छापील नक्कल असेल तर बोट सपाट घसरून जातं. कंपनी १९७८ मध्ये बंद झाली. थिसल पॅटर्नचा मोठा गोल प्लॅटर दिसला तर हातात घेऊन ती खाच नक्की बघा, फार सुंदर काम आहे, आणि मला अजूनही वाटतं की स्टँगलला त्याच्या कामाच्या मानाने भाव कमीच मिळतो.

मग फिएस्टा. याबद्दल न लिहिता कसं चालेल, अमेरिकन पॉटरी म्हटलं की निम्म्या लोकांना हेच आठवतं. होमर लाफलिन कंपनी, वेस्ट व्हर्जिनियातलं न्यूएल गाव, डिझायनर फ्रेडरिक रीड, बाजारात आलं १९३६ ला. काठाजवळ आणि मध्ये एकाभोवती एक वर्तुळं, आणि भडक एकरंगी ग्लेझ. १९७३ ला बंद झालं आणि १९८६ ला पुन्हा सुरू झालं ते आजही चालू आहे, कंपनीचंच नाव आता फिएस्टा टेबलवेअर झालंय. अडचण अशी की नव्या मालातही बऱ्याच जुन्याच आकारांची भांडी आहेत आणि साच्यातला शिक्काही तसाच दिसतो, त्यामुळे शिक्का वाचून जुनं-नवं ठरवणारे इथे हमखास फसतात. चॉप प्लेट, म्हणजे मोठी गोल सपाट प्लेट, किंवा ओव्हल प्लॅटर असेल तर पाय बघा. जुन्या प्लेटांच्या पायावरही ग्लेझ असतं, कारण भट्टीत त्या मातीच्या छोट्या टोकदार पिनांवर टेकवून भाजायचे, आणि त्या पिनांचे तीन बारीक ठिपके खालच्या बाजूला राहतात, नखाने चाचपले की कुसासारखे लागतात. नव्या मालाचा पाय कोरडा, ग्लेझ पुसून काढलेला. जग वगैरे उभ्या भांड्यांत मात्र जुन्यातही कोरडा पाय सापडतो, तेव्हा तिथे ही खूण लावू नका, तिथे रंग आणि माप बघा. १९८६ नंतरची माती वेगळी आहे, भट्टीत जास्त आक्रसते, म्हणून जुन्याच आकाराचा नवा जग जुन्याशेजारी ठेवला की किंचित लहान दिसतो.

आणि रंग. फिएस्टात किंमत ठरवतो तो रंग, वय नाही, हे डोक्यात पक्कं बसवून घ्या. सुरुवातीचे रंग लाल, कोबाल्ट निळा, पिवळा, फिकट हिरवा, आयव्हरी, आणि थोड्याच काळात टर्कॉइज. लाल म्हणजे आपल्या डोळ्याला केशरीच, तो रंग युरेनियम ऑक्साइडमुळे यायचा, आणि युद्धात सरकारने युरेनियम ताब्यात घेतल्यावर १९४३ च्या आसपास लाल बंद पडला, तो परत आला थेट १९५९ ला. १९५१ ला गुलाबी, राखाडी, गर्द हिरवा आणि शार्ट्रूज, म्हणजे पिवळट हिरवा, आले. आणि १९५९ ला आला मीडियम ग्रीन, जो १९६९ पर्यंतच चालला, आणि तोवर लोकांचा फिएस्टातला रस बराच ओसरलेला, म्हणून माल कमी निघाला. आज हाच रंग भाव खाऊन जातो. पिवळ्या किंवा टर्कॉइज कॅसरोलच्या कितीतरी पट जास्त पैसे मीडियम ग्रीनला पडतात, शेकडो डॉलर सहज. पण हिरवे इतके आहेत ना, फिकट हिरवा, गर्द हिरवा, शार्ट्रूज, मीडियम, शिवाय १९८६ नंतरच्या मालातले आणखी, की विकणारा कुठल्याही हिरव्याला मीडियम ग्रीन म्हणून मोकळा होतो. मीडियम ग्रीन हा ताज्या गवताचा, ठसठशीत हिरवा, त्यात ना पिवळटपणा ना काळपटपणा. आणि एक तर्क नेहमी लावा, हा आकार त्या वर्षांत बनत होता का? रेलिश ट्रे, म्हणजे गोल ताटात मधला एक आणि भोवतीचे चार असे खण असलेला, मीडियम ग्रीन यायच्या कितीतरी आधीच बंद झालेला, त्यामुळे कुणी मीडियम ग्रीनचा जुना रेलिश ट्रे म्हणून दाखवला तर पुढे बोलायचीच गरज नाही. याउलट टर्कॉइजमधला झाकणवाला अनियन सूप बाऊल, रंग अगदी साधा, पण तो रंग आला आणि तो बाऊल लगेच बंद झाला, म्हणून त्याचे हजारो डॉलर येतात. रंग आणि आकार दोन्ही एकत्र बघायचे ते यासाठी.

आता शिक्का. शिक्क्याला मी कमी लेखत नाहीये, पण तो पुरता वाचा. सगळ्यात मोठा गोंधळ रोझव्हिल या नावाचा. रोझव्हिल हे ओहायोतलं गाव आहे आणि रोझव्हिल पॉटरी ही कंपनी. कंपनी त्याच गावात सुरू झाली पण पुढे शेजारच्या झेन्सव्हिलला गेली आणि १९५४ ला बंद झाली. आता तुम्हाला तळाला आर.आर.पी. को. रोझव्हिल, ओहायो असं दिसलं तर ती रॉबिन्सन रॅन्सबॉटम पॉटरी, जी रोझव्हिल गावात होती, चांगली दणकट बाऊल आणि बरण्या बनवायची, पण तिची किंमत अगदी वेगळी, कमी. दर आठवड्याला ऑनलाइन कुणीतरी आर.आर.पी.चा बाऊल दुर्मिळ रोझव्हिल म्हणून अव्वाच्या सव्वा किमतीला लावतंच. शिवाय १९९० च्या दशकापासून चीनमधून नकली रोझव्हिल आलंय, त्याच्या तळाला रोझव्हिल उठावात असतं पण खाली यूएसए नसतं, जिथे मूळ भांड्यावर ते असायचं. रंगही भसाभस फासलेले, फुलाच्या कडेबाहेर गेलेले. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात ते हेच.

शिक्क्यातले शब्दही काळ सांगतात. डिशवॉशर सेफ असं लिहिलंय म्हणजे ती १९३० च्या दशकातली नसणारच, ते शब्द पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतर भांड्यांवर यायला लागले. फ्रॅन्सिस्कनचं तर शिक्क्यावरच सगळं चालतं. ती बनवणारी ग्लॅडिंग मॅकबीन ही कॅलिफोर्नियाची कंपनी, मुळात कौलं आणि ड्रेनेजचे पाइप बनवणारी, १८७५ पासूनची. त्यांनी १९४० ला अ‍ॅपल आणि लगेच मागोमाग डेझर्ट रोझ काढलं, उठावदार फुलं, हाताने रंगवलेली, झाकणाच्या मुठीला गुलाबाची कळी. हाच पॅटर्न पुढे किती हातांतून गेला! साठच्या दशकात कंपनी इंटरपेस झाली, १९७९ ला वेजवुडने घेतली, १९८४ ला अमेरिकेतला कारखाना बंद होऊन काम इंग्लंडला गेलं. त्यामुळे डेझर्ट रोझचा झाकणाचा बाऊल हातात आला की बघा, कॅलिफोर्निया लिहिलंय का इंग्लंड. दोन्ही डेझर्ट रोझच, दोन्ही खरीच, पण कॅलिफोर्नियाच्या मालाचे रंग मुरलेले, गुलाबी रंगात फिकट-गडद छटा, आणि संग्राहक त्यालाच जास्त पैसे देतात. आणि झाकण एका काळाचं, बाऊल दुसऱ्या काळाचा अशी जोडीही खूप सापडते, गुलाबी रंग थोडा वेगळा दिसतो का ते दिवसाच्या उजेडात बघा.

शिक्काच नसेल तर? घाबरू नका, खूप चांगल्या वस्तूंवर तो नाहीये. इव्हा झाइझेलने १९४० च्या दशकात मिनेसोटाच्या रेड विंगसाठी टाउन अँड कंट्री डिझाइन केलं, त्यावर सहसा काहीच लिहिलेलं नसतं. ते ओळखायचं आकारावरून, सगळं थोडं कललेलं, एका बाजूला झुकलेलं, हातात धरलं की अंगठा आपोआप जागेवर बसतो. गराज सेलला अशी सर्व्हिंग डिश एक-दोन डॉलरला पडून असते कारण विकणाऱ्याला तळाला काही सापडत नाही. टेनेसीतल्या अर्विन गावची ब्लू रिजही अशीच, सदर्न पॉटरीज नावाची कंपनी, १९५७ पर्यंत चाललेली, गावातल्या बायका-मुली ग्लेझखाली हाताने रंगवायच्या, बरेचदा एकीने देठ काढायचे, दुसरीने पाकळ्या. बऱ्याच भांड्यांवर शिक्का नाही. पण प्लॅटर उजेडात तिरका धरा, पाकळीचा फटकारा जिथे ब्रश टेकला तिथे जाड, आणि उचलला तिथे विरत गेलेला दिसतो, आणि चार सारख्या फुलांतली कुठलीही दोन तंतोतंत सारखी नसतात. छपाईत हे होत नाही. ते बघत बसलं की त्या बाईच्या मनगटाची सवय कळते अक्षरशः, मला या सगळ्या प्रकारात हे सर्वात प्रिय आहे.

बरं, मक्याच्या कणसाची भांडी. झेन्सव्हिलची शॉनी पॉटरी, १९३७ ते १९६१. कणसाच्या आकाराचे कॅसरोल, बटर डिश, ग्लेझही दाणेदार दिसणारं. १९४६ चं कॉर्न किंग आणि नंतर पन्नासच्या दशकात आलेलं कॉर्न क्वीन, साचे तेच, फरक नुसता रंगाचा, किंगचे दाणे गडद पिवळे आणि पानं उजळ हिरवी, क्वीनचं उलटं, दाणे फिकट, पानं गडद. किंगला जरा जास्त मागणी. एकाचं झाकण दुसऱ्यावर हे इथेही होतं, आणि एकदा रंग डोळ्यात बसले की लांबूनही कळतं.

वॅट आणि हल या दोन्ही कंपन्या ओहायोच्या क्रूक्सव्हिलच्या, थोडक्यात सांगते. वॅटचा कारखाना १९६५ ला आगीत गेला आणि परत उभा राहिला नाही. जाड पिवळसर माती, वर लाल सफरचंद किंवा कोंबडा किंवा स्टारफ्लॉवर, तळाला मोठा नंबर. ३९ नंबर म्हणजे १३ इंची स्पॅगेटी बाऊल, सॅलडला अप्रतिम. काहींवर जुन्या किराणा दुकानाचं किंवा बँकेचं नाव छापलेलं असतं, गिऱ्हाइकाला भेट म्हणून दिलेली, त्या गावच्या लोकांना ती हवीच असतात, ते जास्त मोजतात. हलची तपकिरी, काठावर पांढरा ओघळ असलेली भांडी, मिरर ब्राउन, १९६० पासून पुढे पंचवीसेक वर्षं निघाली, आणि तशीच भांडी फाल्ट्झग्राफ आणि मकॉयनेही काढली. ती पैशापासरी आहेत. वापरायला घ्या, पाच-दहा डॉलरला, जरूर घ्या, पण गुंतवणूक म्हणून नाही. अपवाद घरट्यावर बसलेल्या कोंबडीचं झाकण असलेल्या कॅसरोलसारख्या गमतीच्या आकारांचा.

किंमत काढायची कशी, हा पुढचा प्रश्न सगळ्यांचा. ईबेवर नुसतं शोधलं की जे आकडे दिसतात ते विकणाऱ्याच्या मनातले. सोल्ड आयटम्सचा फिल्टर लावा, म्हणजे खरंच कितीला गेली ते दिसतं, आणि एका विक्रीवर जाऊ नका, सात-आठ बघा आणि वरची-खालची टोकं सोडून द्या. नॉर्थ कॅरोलिनातलं रिप्लेसमेंट्स नावाचं मोठं दुकान पॅटर्न ओळखायला उत्तम आहे, फोटो भरपूर, पण तिथली किंमत ही दुकानाची किंमत, तुमच्या हातात तेवढी पडणार नाही. जुनी छापील प्राइस गाइड पुस्तकं ओळख पटवायला ठेवा, त्यातले भाव विसरा, कारण इंटरनेट आल्यावर घराघरातल्या माळ्यांवरचा माल बाहेर आला आणि साध्या वस्तूंचे भाव खाली आले ते तिथेच राहिले. दुर्मिळ वस्तूंचे टिकले.

अवस्था बघताना घाई नको. डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा, काठावरून आणि झाकण टेकतं त्या आतल्या कडेवरून बोटाचं टोक सावकाश फिरवा, बारीक टवका दिसत नाही पण लागतो. मग डिश तळहातावर तोलून टिचकी मारा, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, मग शोधा. जाड मातीची भांडी मुळातच जरा कमी वाजतात हे लक्षात ठेवा. यूव्ही टॉर्च दहा-बारा डॉलरला मिळतो, अंधारात मारला की रंगवून दडवलेली दुरुस्ती वेगळी चमकते. ग्लेझवरची बारीक जाळी, क्रेझिंग म्हणतात ती, जुन्या मालात असणारच, थोडी असेल तर मी सोडून देते, पण त्या जाळीतून तेल आत मुरून तपकिरी डाग पडले असतील तर किंमत निम्म्याखाली येते. ते डाग काढायला ब्लीच अजिबात वापरू नका, ते ग्लेझखाली शिरतं आणि काही दिवसांनी पापुद्रे सुटायला लागतात.

आणि यात जेवावं का? युरेनियमवाला लाल फिएस्टा मी कपाटात ठेवते, त्यात काही वाढत नाही. बाकी जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, अमेरिकेत भांड्यांतल्या शिशावर बंधनं यायला लागली ती १९७० च्या दशकात, त्यामुळे त्याआधीच्या भांड्यात टोमॅटो, लिंबू, चिंच, दही असलं आंबट काही नको, मायक्रोवेव्ह नको, अन्न झाकून रात्रभर ठेवणं नको. ब्रेड, अख्खी फळं, टरफलासकट शेंगा, चालतं.

विकायची किंवा पाठवायची असेल तर झाकण कधीही डिशवर ठेवून पॅक करू नका. झाकण वेगळं, स्वतःच्या बबल रॅपमध्ये, स्वतःच्या छोट्या खोक्यात, मग ते आणि डिश दोन्ही मोठ्या खोक्यात, मध्ये कागद ठासून. आणि जाहिरातीत फोटो टाकताना पहिला समोरचा टाका हवं तर, पण दुसरा तळाचा, शिक्का वाचता येईल असा जवळून, तिसरा काठाचा, आणि टवका असेल तर त्यावर बोट ठेवून चौथा. घेणारा जाणकार असेल तर तो दुसऱ्या फोटोवरच ठरवतो.